भुऱ्याला फिरायला कोण नेणार?



पौषातली पहाट डोळ्यांसमोर आणा. बाहेर दव पडलंय, ज्वारीच्या रानावरून गार वारा येतोय. आई तिसऱ्यांदा हाक मारतेय आणि तुम्ही गोधडी आणखी वर ओढून घेताय! आपला लातूर-नांदेडचा भाग उन्हाळ्यासाठी प्रसिद्ध. पण थंडीतल्या काही पहाटे इथला पारा १० अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी शाळेत येताना चहाच्या टपरीपाशी एक दृश्य तुम्ही नक्की पाहिलं असेल. रात्रीची शेकोटी विझलेली असते आणि तिच्या कोमट राखेत एक कुत्रं अंगाचं मुटकुळं करून झोपलेलं असतं. नाक शेपटीखाली, कान मिटलेले.

ते कुत्रं निदान मोकळं असतं. थंडी वाजली तर उठून उन्हात जातं. पण जे कुत्रं पिंजऱ्यात आहे, त्याचं काय? आज मी तुम्हाला अशाच एका कुत्र्याची गोष्ट सांगणार आहे. त्याचं नाव भुऱ्या.

चौदा कुत्री आणि एक गणित

गावाबाहेर माझ्या ओळखीच्या दोन तरुणांनी एक पत्र्याची शेड उभारली आहे. एक गॅरेजवर कामाला जातो, दुसरा कॉलेजात शिकतो. मुलं दोघांनाही ‘दादा’च म्हणतात. रस्त्यावर गाडीखाली सापडलेली, जखमी झालेली, कुणीतरी सोडून दिलेली कुत्री ते तिथं आणतात. औषधपाणी करतात. बरी झाली की त्यांना घर शोधतात.

एका थंडीत जुनी पोती द्यायला म्हणून मी तिथं गेले. चौदा कुत्री होती. बाकीची भुंकत जाळीपाशी आली. एक मात्र अगदी मागच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. मातकट भुरा रंग आणि मागचा एक पाय जरा वाकडा.

“याला काय झालं?” मी विचारलं.

“मोटारसायकलची धडक बसली होती, बाई. पाय जुळलाय, जखमही भरलीय. पण हा बाहेरच निघत नाही. आम्हाला याच्यासाठी वेळ कुठंय?” दादा म्हणाला.

आता, मी पडले प्राथमिक शिक्षिका! लगेच मनात गणित मांडलं. तुम्हीही मांडा बरं. एका कुत्र्याला रोज फक्त २० मिनिटं फिरवायचं, तर चौदा कुत्र्यांना किती वेळ लागेल? १४ गुणिले २० म्हणजे २८० मिनिटं. म्हणजेच ४ तास ४० मिनिटं! शिवाय झाडलोट, खाणं, औषध वेगळं. एकाला गॅरेजवर जायचंय, दुसऱ्याला कॉलेजला. हे गणित दोघांच्यानं कसं सुटणार? ते सुटतं फक्त आणखी चार जणांनी रोज थोडा थोडा वेळ दिला तर.

“उद्यापासून सकाळी सातला मी येते,” मी म्हणून गेले.

फिरायचं कशाला? खायला मिळतंय की!

तुम्ही म्हणाल, “बाई, पोटभर खायला मिळतं, वर पत्रा आहे, मग फिरवायची काय गरज?” मलाही आधी असंच वाटायचं.

असं समजा, की तुम्हाला एका खोलीत ठेवलंय. जेवण वेळेवर मिळतं. पण पुस्तक नाही, खेळ नाही, खिडकी नाही, बोलायला कुणी नाही. किती दिवस राहाल? कुत्र्यासाठी पुस्तक आणि खिडकी म्हणजे त्याचं नाक. माणसाच्या नाकात वास ओळखणाऱ्या पेशी साधारण ५० ते ६० लाख असतात. कुत्र्याच्या नाकात त्या २० कोटींहून जास्त असतात! एखाद्या खांबाला नाक लावून ते मिनिटभर उभं राहिलं, की आपण वैतागून दोरी ओढतो. पण त्या वेळी ते जणू वर्तमानपत्र वाचत असतं. इथून कोण गेलं, कधी गेलं, ओळखीचं होतं की परकं, हे सारं त्याला वासातून कळतं.

कोंडून राहिलेलं कुत्रं एक तर सारखं भुंकतं, गोल गोल फिरतं, नाही तर भुऱ्यासारखं गप्प होऊन जातं. आणि अशा कुत्र्याला घरी न्यायला कुणी तयार होत नाही. घर मिळालं नाही की पिंजरा रिकामा होत नाही. पिंजरा रिकामा झाला नाही, तर रस्त्यावरच्या पुढच्या जखमी कुत्र्याला जागा मिळत नाही. बघा, वीस मिनिटांच्या फेरीवर किती गोष्टी अवलंबून आहेत!

पहिले चार दिवस भुऱ्या पिंजऱ्याबाहेर आलाच नाही. मी नुसती दारात बसायची, त्याच्याकडे टक लावून न बघता. पाचव्या दिवशी तो उठला आणि माझ्या चपलेचा वास घेतला. आठव्या दिवशी गळ्यात पट्टा घालू दिला. दहाव्या दिवशी आम्ही गेटपर्यंत गेलो आणि परत आलो. जेमतेम वीस पावलं. पण मला तर गड जिंकल्यासारखं वाटलं!

मुंबईची एक जुनी हकिगत

कुत्र्यांना आसरा द्यायची ही पद्धत परदेशातून आली असेल, असं कुणाला वाटेल. पण आपल्याच मुंबईची हकिगत ऐका. इंग्रजांच्या काळात मुंबईत मोकाट कुत्री मारायचा हुकूम होता. कुत्रं मारून आणणाऱ्याला बक्षीस मिळे. बक्षिसाच्या लोभानं लोक पाळलेली कुत्रीही मारू लागले. १८३२ च्या जून महिन्यात लोकांचा संयम सुटला. पारशी आणि इतर मुंबईकर रस्त्यावर उतरले, दुकानं बंद झाली, मोठा दंगा झाला. कुत्र्यांवरून झालेला दंगा!

पुढे १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभाई, शेठ मोतीशा आणि इतर व्यापाऱ्यांनी मिळून भुलेश्वर भागात पांजरपोळ सुरू केला. बेवारशी जनावरांना तिथं आसरा मिळू लागला. त्यात कुत्रीही होती. लंडनमधलं आज जगप्रसिद्ध असलेलं बॅटरसीचं कुत्र्यांचं घर मेरी टीलबी नावाच्या बाईंनी सुरू केलं ते १८६० मध्ये. म्हणजे मुंबईच्या पांजरपोळानंतर २६ वर्षांनी.

आज मुंबई, पुणे, गोवा इथं रस्त्यावरच्या कुत्र्यांसाठी काम करणाऱ्या कितीतरी संस्था आहेत. मुंबईत ‘द वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज’ ही संस्था १९८५ पासून हे काम करते. अशा कामांत डॉक्टर असतात, तसे स्वयंसेवकही लागतात. कुणी भांडी घासतं, कुणी हिशेब ठेवतं, कुणी कुत्र्यांना फिरवून आणतं. यातलं कोणतंच काम लहान नाही.

माझं चुकलं कुठं?

आता माझी चूक सांगते. शिक्षकांच्याही चुका होतात बरं का!

महिनाभर मी नेमानं गेले. मग एकदा थंडीची लाट आली. एक दिवस वाटलं, आज नको. दुसऱ्या दिवशी नात्यात लग्न निघालं. मग सर्दी झाली. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी गेले तर दादा नेहमीसारखा हसला नाही.

“बाई, सात वाजले की हा गेटकडं तोंड करून बसायलाय. तासभर बसतो अन्‌ मग कोपऱ्यात जातो. काल तर भाकरीलाही तोंड लावलं नाही.” थोडं थांबून तो म्हणाला, “राग मानू नका. पण येणं जमणार नसेल तर सवय लावू नका.”

मला फार लाज वाटली. वर्गात मी मुलांना वेळेचं महत्त्व शिकवते. फळ्यावर सुविचार लिहिते. आणि इथं माझ्या ‘येते’ या एका शब्दावर विसंबून एक मुकं जनावर रोज तासभर थंडीत बसून होतं! त्याला मी सांगू शकत नव्हते, की मला सर्दी झाली होती. मी दादालाही निरोप दिला नव्हता. दिला असता तर दुसरं कुणी भुऱ्याला नेलं असतं.

त्या दिवशी मला एक गोष्ट पक्की कळली. सेवा करायला मोठं मन लागतं असं आपण म्हणतो. लागत असेल. पण त्याआधी लागतं ते घड्याळ! एक दिवस दोन तास लाड करण्यापेक्षा रोज वीस मिनिटं, ठरलेल्या वेळी जाणं जास्त मोलाचं. मग आम्ही शेडच्या दाराला एक वही अडकवली. कोण कधी येणार, कोण येणार नाही, ते आदल्या दिवशीच त्यात लिहायचं. शाळेतल्या आणखी दोन शिक्षिका आणि एक निवृत्त काका आमच्यात सामील झाले. गणित सुटायला लागलं.

भुऱ्याला धडा वाचून दाखवणारा मुलगा

माझ्या वर्गात, चौथीत, एक मुलगा होता. दुसरीत असताना त्याला गल्लीत कुत्रं चावलं होतं. इंजेक्शनं घेऊन तो बरा झाला, पण मनातली भीती गेली नाही. लांबून कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलायचा. शाळेला उशीर व्हायचा.

भुऱ्याची गोष्ट मी वर्गात सांगितली तेव्हा त्यानं विचारलं, “बाई, त्यालाबी भ्या वाटतंय का?”

“हो रे, तुझ्याइतकंच!”

एका रविवारी तो वडिलांचा हात धरून शेडवर आला. एवढ्या लहान मुलाच्या हातात दोरी द्यायची नाही, हा आमचा नियम. मग त्यानं काय करावं? मला वाचलेलं आठवलं. अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या एका निवाऱ्यात मुलं बुजऱ्या कुत्र्यांच्या पिंजऱ्यासमोर बसून त्यांना पुस्तक वाचून दाखवतात. कुत्र्याला अर्थ कळत नाही, पण शांत आवाजाची सवय होते. मुलांचं वाचनही सुधारतं.

मग काय, जाळीपासून चार हात लांब पोतं अंथरलं. वडील शेजारी बसले. मुलानं दप्तरातून मराठीचं पुस्तक काढलं आणि अडखळत वाचायला लागला. पहिल्या पानाला भुऱ्यानं मान वळवली. तिसऱ्या पानाला तो पुढे येऊन जाळीशी बसला आणि पंजांवर हनुवटी टेकली. मुलगा वाचायचा थांबला. वडिलांकडे बघून हळूच म्हणाला, “ऐकायलाय!”

भीती एका दिवसात जात नसते. त्याचीही गेली नाही. पण पुढच्या आठवड्यात तो शाळेला वेळेवर आला.

आपल्या मातीतलं कुत्र्याचं कौतुक

आपल्या भागात कुत्र्याचं कौतुक कमी नाही बरं! नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीला, म्हणजे आपल्या येळवशीच्या आदल्या दिवशी ती सुरू होते. खंडोबाच्या सोबत कुत्रा असतो, हे तुम्ही तसबिरीत पाहिलंच असेल. या यात्रेत घोडे, गाढवं, उंट यांचा बाजार भरतो आणि कुत्र्यांचं प्रदर्शनही होतं. लातूर जिल्ह्यात चाकूर तालुक्यातलं जानवळ हे गाव तर कारवानी आणि पश्मी कुत्र्यांसाठी ओळखलं जातं. लांब पाय, बारीक कंबर, वाऱ्यासारखा वेग! याच घराण्यातल्या मुधोळ कुत्र्यावर भारतीय टपाल खात्यानं २००५ मध्ये तिकीट काढलं आहे.

यात्रेतल्या त्या उमद्या कुत्र्यांभोवती गर्दी होते. व्हायलाच हवी. पण गल्लीतला भुऱ्याही त्याच थंडीत असतो. त्याचं नाकही तेवढंच तल्लख असतं. त्याच्या वाट्याला मात्र बहुतेक वेळा दगड येतो.

आता सावधगिरीचं बोलू

कुत्र्यावर माया करायची म्हणजे डोळे मिटून त्याच्या अंगाशी जायचं नाही. रेबीज हा भयंकर रोग आहे. त्याची लक्षणं एकदा दिसू लागली, की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर तो टाळता येतो. १८८५ च्या जुलैमध्ये फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर या ९ वर्षांच्या मुलाला ही लस दिली. पिसाळलेल्या कुत्र्यानं त्याचे लचके तोडले होते, तरी तो वाचला. तुमच्याच वयाचा होता तो!

म्हणून कुत्रं चावलं किंवा नुसतं ओरखडलं, तरी घरी लपवायचं नाही. मार बसेल म्हणून गप्प बसायचं तर मुळीच नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पूर्ण १५ मिनिटं धुवायची. हळद, तिखट, चुना, तेल काहीही लावायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात जायचं आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पुरे करायचे. “आता बरं वाटतंय” म्हणून मधला डोस चुकवायचा नाही.

रेबीज हटवायचा उपाय कुत्री मारणं हा नाही, तर त्यांना लस देणं हा आहे. एखाद्या भागातल्या १०० पैकी ७० कुत्र्यांना दरवर्षी लस मिळाली, की हा रोग पसरू शकत नाही. गोव्यात ही मोहीम नेटानं चालली. घराघरांतल्या आणि रस्त्यावरच्या कुत्र्यांना लस दिली, शाळाशाळांतून मुलांना माहिती दिली. २०२१ मध्ये गोवा ‘रेबीज नियंत्रित’ राज्य म्हणून जाहीर झालं. आणि एक खूण सांगून ठेवते. रस्त्यावरच्या कुत्र्याच्या कानाच्या टोकाला खाच दिसली, तर त्याची नसबंदीची शस्त्रक्रिया झाली आहे असं समजावं. ती करताना रेबीजची लसही देतात. तरीही अनोळखी कुत्र्याला हात लावायचा नाही!

कुत्र्याला फिरवायचं असेल तर

१. एकट्यानं कधीही जायचं नाही. आई-बाबा किंवा मोठं माणूस सोबत हवंच. दोरी मोठ्या माणसाच्या हातात.

२. थंडीत ऊन पडल्यावर निघावं. पिल्लं, म्हातारी आणि आजारी कुत्री लवकर गारठतात. कुडकुडायला लागली की परत फिरायचं.

३. दोरी मनगटाला किंवा बोटांना गुंडाळायची नाही. कुत्र्यानं हिसका दिला तर बोटं अडकतात.

४. समोरून धावत जाऊ नये, डोळ्यांत रोखून बघू नये. बाजूला उभं राहावं, आधी त्याला वास घेऊ द्यावा. लगेच डोक्यावर हात ठेवू नये.

५. खाताना, झोपेत असताना किंवा पिल्लांजवळ असताना कुत्रीच्या जवळ जाऊ नये.

६. चॉकलेट, कांदा, द्राक्षं, मनुके कुत्र्याला विषासारखे असतात. मोठ्या कुत्र्यांना दूधही नीट पचत नाही. भाकरी आणि स्वच्छ पाणी चांगलं.

७. परत आल्यावर साबणानं हात धुवावेत.

आमच्या गावात शेड नाही, मग?

हा प्रश्न तुमच्यापैकी बऱ्याच जणांना पडला असेल. काही हरकत नाही. भाद्रपदानंतर साधारण नऊ आठवड्यांनी कुत्र्यांना पिल्लं होतात, म्हणजे नेमकी थंडी सुरू होताना! आडोशाला एक कोरडं पोतं टाकून ठेवलं तरी त्यांची रात्र निभावते. मात्र पोतं भिजलं की बदलायला हवं, कारण ओलं पोतं थंडीपेक्षा वाईट. सकाळी गाडी सुरू करण्याआधी बाबांना खाली वाकून बघायला सांगा, कारण कुत्री गाडीखाली झोपतात. शेजारच्या आजोबांचा कुत्रा दिवसभर साखळीला बांधलेला असेल, तर बाबांना घेऊन जा आणि विचारा, “आजोबा, आम्ही याला थोडं फिरवून आणू का?” आजोबांच्या गुडघ्यांनाही तेवढाच आराम! फक्त एकदा ‘येतो’ म्हणालात, की जायचंच. माझं उदाहरण आहेच तुमच्यासमोर.

पालकांनाही एक विनंती. मूल कुत्र्यासाठी काही करू म्हणालं तर “घाणीत हात घालू नकोस” म्हणून एका वाक्यात विषय संपवू नका. तुमची आठवड्यातली एक सकाळ त्याला द्या. दगड मारू नये हे सांगून मुलं किती शिकतात, ठाऊक नाही. वडिलांना पोतं अंथरताना पाहून मात्र नक्की शिकतात.

आणि भुऱ्याचं काय झालं?

माघ सरत आला होता. एक शेतकरी काका शेडवर आले. त्यांना आखाड्यावर राखणीला कुत्रं हवं होतं. त्यांनी सगळे पिंजरे पाहिले. उड्या मारणारी, भुंकणारी कुत्री पाहिली. मग भुऱ्याशी थांबले. “हा लंगडतो जरा,” दादा खरं ते बोलला. काकांनी दोरी हातात घेतली. भुऱ्या त्यांच्या धोतराचा वास घेऊन, दोरीला ताण न देता, त्यांच्या शेजारून गेटपर्यंत चालत गेला आणि तसाच परत आला.

“शहाणा हाय की!” काका म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी हाच कुत्रा भिंतीकडे तोंड करून बसला होता, हे त्यांना सांगूनही खरं वाटलं नसतं.

भुऱ्या त्यांच्या टेम्पोत बसून गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी सवयीनं शेडवर गेले. भुऱ्याच्या पिंजऱ्यात आदल्या रात्री आणलेली एक काळी कुत्री होती. कोपऱ्यात, भिंतीकडे तोंड करून बसलेली.

मी दाराची वही काढली आणि पुढच्या पानावर माझं नाव लिहिलं.